सातबाऱ्यावर वहिनीचं नाव: दोन वारस नोंदींचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं वावर २ हेक्टर ४० आर, म्हणजे सहा एकराला थोडंसं कमी. वडिलांनी ते स्वतः विकत घेतलं होतं. वडील २०१३ मध्ये गेले, पण सातबाऱ्यावर नाव त्यांचंच राहिलं. भाऊ शेती करत होता, सोसायटीचं काम चालत होतं, म्हणून नोंद करायला कुणी गेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भाऊ आजारपणात गेला आणि कळलं की जी बाई पंधरा-सोळा वर्षं त्या वावरात राबली, तिचं कागदावर कुठेच नाव नाही. रेशनकार्डावर मात्र वहिनी कुटुंबप्रमुख आहे, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी स्त्री प्रमुख धरली जाते आणि आईचं कार्ड वेगळं आहे. दुकानातलं धान्य तिच्या अंगठ्यावर मिळायचं, पण स्वतःच्या शेतात धान्य पिकवायला लागणारं कर्ज, विमा, अनुदान यांतलं काहीच तिच्या नावावर निघत नव्हतं.

मी नणंद. कागदपत्रांचं काम माझ्याकडे आलं. ते पूर्ण झालंय, म्हणून क्रमाने लिहून ठेवतेय. घरात असं घडलं की नेमकं कुठून सुरू करायचं हेच समजत नाही.

डिसेंबरमध्ये आधी दोन मृत्यू दाखले काढले. मृत्यूची नोंद माणूस ज्या हद्दीत गेला तिथे होते, तो राहायचा त्या गावात नाही. भाऊ तालुक्याच्या दवाखान्यात गेला, म्हणून त्याचा दाखला नगरपरिषदेतून घ्यावा लागला. वडील घरीच गेले होते, त्यांची नोंद ग्रामपंचायतीत होती. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती राहून गेली आणि वर्ष उलटलं तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. म्हणून सगळ्यांत आधी हे तपासा. दाखल्यावरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकमेकांशी ताडून पाहा. वडिलांच्या सातबाऱ्यावरच्या नावात आजोबांचं नाव एका अक्षराने चुकलं होतं. संगणकीकरणाच्या वेळी झालेल्या अशा चुका महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांच्या आदेशाने दुरुस्त होतात. आमच्याकडे जुना हस्तलिखित उतारा होता, त्यात नाव बरोबर होतं, म्हणून ते काम लवकर उरकलं. जुने हस्तलिखित उतारे, खरेदीखत, वडिलांच्या नावे झालेला फेरफार (जमिनीवरचं नाव बदलल्याची महसूल नोंद), हे काहीही टाकून देऊ नका.

डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या नावावरची सगळी जमीन दाखवणारा उतारा, आणि फेरफाराची प्रतही तशीच मिळते. काम सुरू करताना एक सातबारा काढून ठेवावा आणि नोंदी झाल्यावर दुसरा, म्हणजे काय बदललं ते शेजारी ठेवून वाचता येतं.

मग वाटा किती, हा प्रश्न आला. याबद्दल घराघरात फार चुकीचे समज आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. वडिलांची जमीन स्वकष्टार्जित होती आणि मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांचे वारस चौघे: आई, भाऊ, मी आणि धाकटी बहीण. प्रत्येकाचा चौथा हिस्सा, म्हणजे ६० आर. भाऊ वडिलांच्या नंतर गेला, म्हणून त्याचे ६० आर त्याच्या वारसांकडे जातात. त्याचे वारस कोण? वहिनी, मुलगा, मुलगी आणि आई. मुलाच्या मिळकतीत त्याच्या आईचाही बायको-मुलांइतकाच वाटा असतो, हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. त्या ६० आरचे पुन्हा चार वाटे झाले, प्रत्येकी १५ आर. हिशेब असा बसला: आईचे ७५ आर, आम्हा दोघी बहिणींचे ६०-६०, वहिनी आणि दोन्ही मुलं प्रत्येकी १५. ज्या बाईने सगळं रान एकटीने ओढलं तिच्या वाट्याला कायद्याने सोळावा हिस्सा. हा आकडा कागदावर मांडला तेव्हा मला फार वाईट वाटलं. वहिनी शांतपणे म्हणाली, "ताई, पंधरा आर तर पंधरा आर, माझ्या नावाचे तर असतील."

जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो. त्यात मुलगे आणि मुली जन्मानेच सहहिस्सेदार असतात. मुलींना हा हक्क ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. अशा जमिनीचे वाटे मात्र माहितगार वकिलाकडूनच काढून घ्या.

नोंदीसाठी जोडलेली कागदं अशी: दोन्ही मृत्यू दाखले, चालू सातबारा आणि आठ-अ, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नातं लिहिलेलं वंशावळीसह प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधारकार्डं, मुलांचे जन्मदाखले आणि पोलीस पाटलांचा रहिवासी व वारसांबाबतचा दाखला. लग्न झालेल्या मुलींची नावं वंशावळीत सासरच्या नावासह लिहावीत आणि कंसात माहेरचं नाव द्यावं. वंशावळीत एखादी मुलगी गाळली तर पुढे तेच सगळ्या भांडणाचं मूळ होतं. प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प लागतो असं बाहेर टायपिंगवाले सांगतात. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केलेलं आहे, साध्या कागदावर चालतं. आमचा खर्च टायपिंग, झेरॉक्स आणि जाण्यायेण्याच्या भाड्याचाच झाला. वारस नोंदीला सरकारी फी नाही. दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र आणा असंही काही जण सांगतात. वारसांमध्ये वाद नसेल तर सातबाऱ्याच्या नोंदीला ते लागत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अर्ज दिला. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, गावात अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात. अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. आम्ही सज्जावर, म्हणजे त्यांच्या कार्यालयात, प्रत्यक्ष दिला आणि पोच मागितली. पोच देणं महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. शांतपणे कलम सांगितलं की पोच मिळते. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असं तेच कलम सांगतं, पण उशीर झाला म्हणून नोंद नाकारता येत नाही. आमचा उशीर अकरा वर्षांहून जास्त होता.

इथे पहिली अडचण आली. दोघांच्या वारसांची एकच नोंद घेऊन टाकू, असं सज्जावर सुचवलं गेलं. ऐकायला सोपं वाटतं. पण एकाच नोंदीत वडिलांच्या मागे थेट आई, आम्ही दोघी आणि भावाची बायको-मुलं अशी नावं चढली, तर भाऊ वडिलांच्या आधी गेल्यासारखा हिशेब होतो आणि भावाच्या हिश्श्यातला आईचा वाटा गायब होतो. म्हणून क्रम पाळायचा: आधी वडिलांच्या वारसांची नोंद, त्यात भावाचं नाव 'मयत' म्हणून यायला हवं, आणि ती मंजूर झाल्यावर भावाच्या वारसांची. आम्ही दोन अर्ज वेगळे दिले आणि मृत्यूच्या तारखा अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहिल्या.

अर्ज आल्यावर गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरली जाते. मग हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते, चावडीवर प्रत लावतात आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. ही नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावर मोबाइलवरही दिसते: फेरफार क्रमांक, तारीख, हरकतीची शेवटची तारीख. नोटिशीवर सगळ्यांच्या सह्या झाल्या नाहीत तर मुदत सरूनही काम पुढे सरकत नाही. धाकटी बहीण दुसऱ्या जिल्ह्यात असते, तिची नोटीस पोस्टाने गेली आणि पोचपावती परत यायला वेळ लागला. तिला बोलावून सज्जावरच सही करवून घेतली असती तर ते दिवस वाचले असते. फेब्रुवारीअखेर मंडळ अधिकाऱ्यांनी, म्हणजे तलाठ्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांनी, पहिली नोंद मंजूर केली.

दुसरी नोंद एप्रिलमध्ये सुरू झाली. तेव्हाच १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली होती. बुलढाण्यात ती आधी झाली होती. मयत खातेदारांची यादी करायची, चावडी वाचन (गावासमोर यादी वाचून दाखवणं) करायचं आणि १० मेपर्यंत वारसांच्या नोंदी घ्यायच्या, असा कार्यक्रम होता. मोहिमेचा फायदा हा की सज्जावर आपल्याला कुणी हाकलत नाही, कारण त्यांनाच आकडा दाखवायचा असतो. तोटाही तोच. घाईत नोंदी लिहिल्या जातात.

आमच्या दुसऱ्या फेरफाराचा मसुदा वाचला तेव्हा त्यात दोन गोष्टी चुकल्या होत्या. वहिनीचं नाव 'इतर हक्क' रकान्यात टाकलं होतं, भोगवटादार, म्हणजे जमीनधारक, म्हणून फक्त मुलगा. आणि मुलाच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणून चुलत काकांचं नाव होतं. वडिलांच्या पश्चात नैसर्गिक पालक आईच असते, कायदा तसाच आहे. पण 'घरातला पुरुष' लिहायची सवय जुनी आहे. मला वाटतं, या सगळ्या कामात एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची असेल तर ती ही: बाईचं नाव कोणत्या रकान्यात आहे. 'इतर हक्क' रकान्यात बोजे, कुळ, विहिरीतला हिस्सा अशा गोष्टी लिहितात. तिथे नाव असलेल्या बाईच्या नावे आठ-अ चं खातं तयार होत नाही. खातं नाही म्हणून पीककर्ज नाही, नुकसानभरपाई नाही. गावात तिला 'नाव लागलं' असं सांगतात आणि तीही समाधानाने घरी जाते. विदर्भ-मराठवाड्यात अशा कितीतरी बाया आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के खाती महिलांची होती.

मसुदा मंजूर होण्याआधी दुरुस्ती मागणं सोपं असतं. साध्या कागदावर अर्ज दिला, वारसा कायद्यातला संबंधित भाग जोडला आणि भाऊसाहेबांनी नोंद सुधारून नव्याने धरली. मंजूर झाल्यावर तेच काम अपिलाचं होतं. मंडळ अधिकाऱ्यांच्या निर्णयावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करावं लागतं.

नवी नोटीस निघाली आणि मुदत संपता संपता भाऊबंदातून हरकत आली. म्हणणं असं की लेकी परगावी दिल्यात, त्यांची नावं कशाला, आणि विधवा बाईच्या नावावर जमीन गेली तर ती विकून माहेरी जाईल. हरकत लेखी आली की नोंद तक्रारी होते, गाव नमुना ६-अ मध्ये जाते आणि सुनावणी लागते. नुसतं तोंडी बोलून कुणी नोंद अडवू शकत नाही. सुनावणीची नोटीस वाचून वहिनी रात्रभर झोपली नाही. तिला वाटलं कोर्टात उभं करतील. खरं तर मंडळ अधिकाऱ्यांसमोर टेबलाशी बसून बोलायचं असतं, वकील सक्तीचा नाही. हरकतदाराकडे हक्क दाखवणारा एकही कागद नव्हता. आम्ही वडिलांचं खरेदीखत, मंजूर झालेला पहिला फेरफार आणि आईचा लेखी जबाब दिला. आई एवढंच बोलली की सून आणि नातवंडं माझी आहेत, त्यांची नावं लागलीच पाहिजेत. सासूचा जबाब अशा वेळी फार वजनाचा ठरतो, तो लेखी द्या. हरकत फेटाळली गेली आणि जुलैमध्ये नोंद मंजूर झाली. नवा सातबारा काढून वहिनीच्या हातात दिला, तेव्हा तिने आधी मुलांची नावं वाचली, मग स्वतःचं.

फेरफार म्हणजे मालकीचा अंतिम निवाडा नव्हे, ती महसूल खात्याची नोंद आहे. एखाद्या बहिणीचं नाव राहून गेलं म्हणून तिचा हक्क बुडत नाही. पण नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, म्हणून ती चुकीची राहू देऊ नये.

मधल्या काळात हक्कसोडपत्राचा विषय बऱ्याचदा निघाला. बहिणींनी सही करून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची रीत. आम्ही दोघींनी सही केली नाही आणि वहिनीलाही ते पटलं. धाकटी बहीण स्वतः मजुरीला जाते, तिच्याकडे दुसरं काही नाही. शिवाय चार बायांची नावं एकत्र असली की एकटीला गाठून सही घेणं अवघड जातं. वावर वहिनीच कसते, पीकही तिचंच. आईने आपले ७५ आर वहिनीच्या नावे मृत्युपत्र करून ठेवले. बक्षीसपत्रही करता आलं असतं. शेतजमीन मयत मुलाच्या पत्नीला बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार असतो तो दुय्यम निबंधकाकडे विचारून घ्यावा. पण म्हाताऱ्या माणसाने जिवंतपणी सगळं देऊन टाकावं असं मला वाटत नाही. मृत्युपत्र कधीही बदलता येतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची फी १०० रुपये. दोन साक्षीदार आणि डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवला. हक्कसोड करायचंच असेल तर नोंदणीकृत करा आणि कुणाच्या नावे सोडता ते नाव घालून लिहा, नाहीतर सोडलेला हिस्सा सगळ्या सहहिस्सेदारांत विभागला जातो. वेगवेगळे सातबारे हवे असतील तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली संमतीने वाटप हा मार्ग आहे. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी २०२५ मध्ये माफ झाली आहे.

सातबारा झाल्यावरची कामं लवकर उरकली, पण खरीप हातचा गेला होता. नाव नसल्यामुळे जूनमध्ये पीककर्ज मिळालं नाही. बियाणं आणि खत कृषी केंद्रातून उधार घेतलं, आणि उधारी असली की कापूस त्याच व्यापाऱ्याला त्याच्या भावाने घालावा लागतो. घरी खायला काय ठेवायचं हेही मग उधारी ठरवते. ज्वारी आणि मुगाचे तास काढून तिथेही कपाशी लावली, कारण देणं कपाशीवरच फिटणार होतं. ज्यांची नोंद रखडली आहे त्यांनी जानेवारीची वाट न बघता दिवाळीतच सुरुवात करावी, म्हणजे हरकत आली तरी पेरणीपूर्वी निकाल लागतो.

ऑगस्टमध्ये वहिनीचा शेतकरी ओळख क्रमांक काढला. त्याला आधार, आधारशी जोडलेला मोबाइल आणि सातबारा लागतो. नावं जुळली नाहीत तर अर्ज अडकतो, आधीची दुरुस्ती इथे कामाला आली. पीएम किसानसाठी जमीन १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी नावावर असण्याची अट आहे, पण वारसाने आलेल्या जमिनीला त्यातून सूट आहे. अर्जासोबत फेरफाराची प्रत जोडायची. वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद, वहिनीने स्वतःच्या मोबाइलवर केली, आणि आता सातबाऱ्यातल्या बाराच्या नमुन्यात, म्हणजे पिकांच्या भागात, तिने लावलेली तूर तिच्या खात्यावर दिसते.

विविध कार्यकारी सोसायटीत भावाच्या जागी वहिनी वारस सभासद झाली. भावाचं थकीत कर्ज 'इतर हक्क' रकान्यात बोजा म्हणून आहेच. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरती असते, स्वतःच्या दागिन्यांवर किंवा मजुरीवर नसते, हे सोसायटीत कागदावर सही करण्यापूर्वी लक्षात ठेवा. जुनं कर्ज भरल्याचं दाखवून नवं उचलायचं, असा कागद पुढे आला तर व्याजासह आकडा लिहून मागा. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज ३० जूनपर्यंत फेडलं तर व्याज पडत नाही, ही पंजाबराव देशमुख योजनेची सवलत आता तिला मिळू शकते. सामायिक खातं असल्याने आम्ही तिघींनी संमतीपत्र दिलं आहे.

ज्यांचे नवरे हयात आहेत त्यांच्यासाठी: १५ सप्टेंबर १९९२ च्या परिपत्रकाप्रमाणे 'लक्ष्मी मुक्ती' योजनेत नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लागतं. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ही मोहीम चालवली होती. अर्ज नवऱ्याने तहसीलदारांकडे करायचा असतो, मुद्रांक शुल्क लागत नाही. भाऊ असताना आधी वडिलांची वारस नोंद आणि मग हे केलं असतं तर वहिनी जूनमध्ये कर्जाला पात्र ठरली असती.

आमचं एक काम शिल्लक आहे. भाचा २०२७ मध्ये १८ वर्षांचा होईल, तेव्हा त्याच्या नावापुढचा अ.पा.क. शेरा काढायला जन्मदाखला आणि आधार जोडून सज्जावर अर्ज द्यायचा आहे. भाचीचं तसंच, त्यानंतर तीन वर्षांनी.